कार्बन निर्दोष आहे, ट्रेमधून काढलंत काय ते सांगा

वाचकाचं पत्र

आमचा माशांचा टँक ३६ बाय १५ बाय १८ इंचांचा, वर टॉप फिल्टर. चार एंजल, डझनभर रमीनोज टेट्रा आणि तळाशी फिरणारे दोन कोरी मासे. गेल्या महिन्यात एक मोठं ड्रिफ्टवूड, म्हणजे सजावटीचं लाकूड, ठेवलं आणि पाणी कोऱ्या चहासारखं झालं. दुकानदाराने अर्धा किलो ॲक्टिव्हेटेड कार्बन दिला. ट्रेमध्ये जागा नव्हती, म्हणून सिरॅमिक रिंगा आणि जुना स्पंज काढून सगळा कार्बन भरला. दोन दिवसांत पाणी आरशासारखं! पण नवव्या दिवसापासून मासे वर येऊन धापा टाकू लागले. दोन टेट्रा गेले, एंजलच्या परांवर पांढरे ठिपके आले. मॅलाकाइट ग्रीनचं औषध तीन दिवस घातलं, दरवेळी सकाळपर्यंत रंग गायब आणि ठिपके मात्र जागच्या जागी. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया १, नायट्राइट ०.५, पीएच ७.८, तापमान २८. दुकानदार म्हणतो, कार्बन संपला, नवा घाला. घरातले म्हणतात, उकळून उन्हात वाळव आणि तोच वापर. आरओवाला कँडलमधला कार्बन फुकट द्यायला तयार आहे. नक्की काय करू?

– एक वाचक, मिरज

उत्तर

दुकानात जायच्या आधी बादली घ्या. कार्बन संपलाय की नाही याचा तुमच्या आजच्या अडचणीशी संबंधच नाही, कारण ताजा असो वा जुना, कार्बन अमोनिया धरत नाही. आणखी अर्धा किलो ओतलात तरी किटमधला अमोनियाचा हिरवा रंग तसाच राहील. चूक कार्बन घालण्यात झाली नाही, त्याला जागा करून देताना झाली. त्या रिंगांवर आणि चिकट, तपकिरी, बघायला किळसवाण्या स्पंजवर जिवाणूंचा थर होता. माशांच्या गिलमधून, म्हणजे कल्ल्यांतून, आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तोच थर करत होता. तो काढून तुम्ही चकचकीत नवे काळे दाणे भरलेत. काही जिवाणू रेतीत आणि काचेवर उरले, पण एवढ्या माशांना ते पुरे पडले नाहीत. आठ-नऊ दिवसांनी मासे वर आले यात नवल नाही.

आता मापं. तुमचा टँक काठोकाठ भरला तर १५९ लिटरचा होतो. वरचे दोन इंच, रेती आणि लाकूड वजा केलं की प्रत्यक्ष पाणी १३० लिटरच्या आसपास. पुढचे सगळे आकडे १३० धरून आहेत.

आजच निम्मं पाणी बदला, म्हणजे ६५ लिटर, १५ लिटरच्या चार-साडेचार बादल्या. नळाचं पाणी थेट ओतू नका. हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे १० ग्रॅम घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर चिठ्ठी लावून ठेवा. या द्रावणाचे ५ मिली ६५ लिटर पाण्यातला क्लोरीन मारतात, लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असला तरी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरीन किमान ०.२ आणि कमाल १ मिलिग्रॅम धरलाय, म्हणजे बहुतेक दिवशी हे प्रमाण पुरून उरेल. नवं पाणी हाताला टँकइतकंच कोमट लागलं पाहिजे.

नायट्राइटसाठी मीठ: १३ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, एका मगात विरघळवून हळूहळू सोडा. मिठातला क्लोराइड गिलमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही, आणि त्यासाठी एवढंसं मीठ पुष्कळ झालं. कोरी मिठाला नाजूक असतात, पण लिटरला ०.१ ग्रॅम त्यांना जाणवतही नाही. नंतर पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला, पुन्हा पुरे १३ ग्रॅम नाही. हवेचा पंप असेल तर चोवीस तास चालू ठेवा. खाणं दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवसापासून दिवसाला एकदाच, मिनिटभरात संपेल इतकंच. उपाशी मासा अमोनियाही कमी सोडतो.

यानंतर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ०.२५ च्या खाली येईपर्यंत रोज ३० ते ४० टक्के पाणी बदलायचं. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही. पीएच कमी करायला लिंबू किंवा बाटलीतलं आम्ल घालायच्या फंदात पडू नका. ७.८ पीएच आणि २८ अंशांवर एकूण अमोनियापैकी साधारण ४ टक्केच विषारी रूपात असतो. किटवरच्या १ मध्ये तो ०.०४ भरतो, म्हणजे गिल जळजळायला पुरेसा, पण माशाची आशा सोडून द्यायला नाही. पीएच एकाएकी वर-खाली केलात तर मासा त्याच धक्क्याने जाईल.

काढलेल्या रिंगा कुठे आहेत? पाण्यात ठेवल्या असतील तर टँकच्याच पाण्यात हलकेच खळबळून परत ट्रेमध्ये घाला. गॅलरीत वाळल्या असतील तर त्यांच्यावरचे जिवाणू मेले, पण घर शाबूत आहे, तेव्हा त्याही घाला. थर पुन्हा नीट बसायला तीन ते पाच आठवडे धरा. हा काळ कमी करायचा असेल तर निरोगी टँक असलेल्या ओळखीच्या माणसाकडून चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच घाला. दुकानातल्या टँकमधला नको, तिथे दर आठवड्याला नवे मासे आणि त्यांच्याबरोबर नवे रोग येत असतात.

आता औषध. ते वाया गेलं, त्यातही कार्बनच कारण, पण यावेळी तो आपलं काम चोख करत होता. मॅलाकाइट ग्रीन हा मोठा, कार्बनयुक्त, रंगीत रेणू, नेमकं कार्बनचं आवडतं खाद्य. तुमच्या फिल्टरचा पंप तासाला ६०० लिटरचा असेल तर टँकमधलं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा कार्बनमधून जातं. रात्री घातलेलं औषध पहाटेपर्यंत ट्रेमध्ये अडकलं आणि माशांपर्यंत पोचलंच नाही. मेथिलिन ब्लू, जंतावरचं प्राझिक्वांटेल आणि बहुतेक प्रतिजैविकं यांचंही हेच होतं. पोटॅशियम परमँगनेट तर कार्बनशी थेट रासायनिक क्रिया करून संपतं. तांब्याच्या औषधांवर मात्र कार्बनचा भरवसा धरू नका. काही तांबं तो धरतो, काही सोडतो, आणि गोगलगायी-कोळंब्यांना उरलेलंही मारक ठरतं.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला इक म्हणतात. इकचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो फुगून गळून पडतो, तळाशी कोश करतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर येतात, आणि औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून औषध पाण्यात सलग राहायला हवं, रात्रीपुरतं राहून भागत नाही. आधी दोन दिवस नुसतं पाणी बदलून अमोनिया उतरवा. मग कार्बन पूर्ण बाहेर काढा, ट्रेच्या कोपऱ्यातले सुटे दाणेसुद्धा, यूव्ही दिवा असेल तर बंद करा आणि औषध नव्याने सुरू करा. बाटलीवर टेट्रांसाठी वेगळी, कमी मात्रा छापली असेल तर तुम्हाला तीच लागू, एंजलकडे बघून पूर्ण घालू नका. उपचार चालू असताना ३० टक्के पाणी बदललं तर मात्रेच्याही ३० टक्केच भर घाला. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर किमान तीन दिवस औषध चालू ठेवायचं. बहुतेक लोक नेमकं इथे थांबतात आणि दहा दिवसांनी ठिपके परत येतात.

कार्बनचं खरं काम त्यानंतर. उपचार संपले की ३० टक्के पाणी बदला, धुतलेला ताजा कार्बन दोन-तीन दिवस चालवा आणि मग काढून फेकून द्या. पाणी आधीच रंगहीन दिसलं तरी ही पायरी गाळू नका, कारण मॅलाकाइट ग्रीनचा रंग उजेडानेही उडतो आणि रंग उडाला म्हणजे सगळं औषध गेलं असं नसतं.

कार्बन काय धरतो आणि काय नाही हे एकदा लक्षात आलं की दुकानातली निम्मी खरेदी टळते. कोळशाला वाफेत ८०० ते १००० अंशांवर भाजलं की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ ५०० ते १५०० चौरस मीटर भरतं. हजार धरले तर बॅडमिंटनची बारा दुहेरी कोर्टं, एका ग्रॅममध्ये. या भिंतींवर रेणू चिकटतात, स्पंजसारखे आत मुरत नाहीत, म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. चिकटतात ते पाण्यात फारसे न रमणारे, मोठे, सेंद्रिय रेणू: लाकडाचा टॅनिनचा रंग, वास, औषधं, सडलेल्या खाण्यातून येणारे पिवळट पदार्थ. अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट, कॅल्शियम, मीठ हे सगळे पाण्यात मजेत विरघळून राहणारे आयन आहेत. ते कार्बनशेजारून निघून जातात. क्लोरीनचं प्रकरण तिसरंच: तो चिकटत नाही, कार्बनशी क्रिया होऊन क्लोराइड बनतो. म्हणूनच आरओच्या आधी कार्बन बसवलेला असतो.

पाणी दुधाळ झालं असेल तर ती जिवाणूंची वाढ, हिरवं झालं असेल तर शेवाळ. दोन्हींवर कार्बन घालणं म्हणजे पैसे बुडवणं. फक्त पिवळं-तपकिरी पण पारदर्शक पाणी हीच त्याची केस.

दुकानात काळ्या दाण्यांत पांढरे खडे मिसळलेली पाकिटंही मिळतात. पांढरा तो झिओलाइट, आणि तो खरोखर अमोनिया धरतो. पण पाण्यात मीठ वाढलं की धरलेला अमोनिया सोडूनही देतो. इकवर जास्त मीठ घालायचा विचार असेल तर हे मिश्रण ट्रेमध्ये नको.

आता तुमच्याकडचा अर्धा किलो. १३० लिटरला एवढा लागत नाही. १०० लिटरला ८० ते १०० ग्रॅम, तुमच्यासाठी १०० ते १३० ग्रॅम, मापाने चहाचा मोठा मग भरून. जास्त घातल्याने मासे मरत नाहीत, पण न धुतलेला जास्त कार्बन म्हणजे जास्त धूळ आणि जास्त राख, आणि राखेने पीएच चढतो. तुमचा ७.८ काही अंशी त्यामुळेच असू शकतो. नळाचं पाणी एका भांड्यात २४ तास उघडं ठेवून त्याचा पीएच मोजा. तो ७.४ निघाला तर वरचा फरक कुठून आला ते उघड आहे.

धुवायची रीत अशी: कार्बन बादलीत घ्या, वाहत्या पाण्याखाली तांदळासारखा चोळून पाच-सहा पाणी काढा. फार जोराने रगडू नका, दाणे एकमेकांवर घासून नवी पूड पडते. मग वरून उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवा. छिद्रांतली हवा निघून जाते आणि दाणे तळाला बसतात. या वेळी बारीक बुडबुड्यांचा चुरचुर आवाज येतो, तो चांगल्या कार्बनचा. सकाळी वरचं पाणी फेकून एकदा पुन्हा धुवा. हे टाळलंत तर पहिल्या तासात टँकमध्ये काळा धूर पसरतो आणि एंजलच्या परांवर काजळी दिसते. सागरी सर्जनफिशवर अमेरिकेतल्या टोलिडो प्राणिसंग्रहालयात झालेल्या प्रयोगात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, लिग्नाइटचा भुसभुशीत कार्बन वापरलेल्या टँकमध्ये माशांच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवर, खड्डे पडले. तुमचे मासे गोड्या पाण्यातले आहेत, तरी मऊ, बोटाने चुरडला जाणारा कार्बन घेऊ नये एवढा बोध पुरे.

भरताना नायलॉनची जाळीदार पिशवी वापरा, जुन्या साडीचं किंवा धोतराचं फडकं नको, ते दोन दिवसांत गाळाने बुजतं. टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये पाणी पडतं तिथे आधी स्पंज किंवा फिल्टर वूल, मग रिंगा, सर्वांत शेवटी कार्बनची पिशवी. कार्बन पुढे ठेवलात तर गाळ त्याची छिद्रं बुजवतो आणि तो आठवडाभरात नुसते काळे खडे होतो. पिशवी आडवी पसरून ट्रेच्या कडेला भिडली पाहिजे. बाजूला बोटभर फट राहिली तर पाणी सोपी वाट धरून तिथूनच खाली उतरतं आणि कार्बन कोरडाच्या कोरडा. जागा नसेल तर रिंगा काढायच्या नाहीत, कार्बन कमी करायचा. ५० ग्रॅमही चालतो, फक्त लवकर भरतो.

तो कधी संपला हे ओळखायला दोन पांढरे कप घ्या, एकात नळाचं, एकात टँकचं पाणी, आणि उजेडात शेजारी ठेवा. पिवळी झाक परत दिसू लागली की कार्बन भरला. साधारण दोन ते चार आठवडे धरा. नवं लाकूड असेल तर त्याआधीच. भरलेला कार्बन एकाएकी सगळं विष परत सोडतो अशी भीती घातली जाते, ती अतिशयोक्ती आहे. थोडी देवघेव होते, पण टँक उलटून टाकण्याइतकी नाही. विसरून महिनोन्‌महिने राहिलाच तर त्यावर जिवाणू बसतात आणि तो एक प्रकारे रिंगांचं काम करू लागतो. तेव्हाही तो एका दिवसात सगळा काढू नका, नाहीतर आत्ता झालं तेच पुन्हा होईल.

घरातल्यांचा सल्ला आपुलकीचा, पण चालणारा नाही. उकळून धूळ जाईल, उन्हात पाणी सुकेल, पण छिद्रांत चिकटलेलं टॅनिन शंभर अंशांना दाद देत नाही. कारखान्यात कार्बन पुन्हा जिवंत करायला ७०० ते ९०० अंश आणि वाफ लागते. घरचा ओव्हन २५० ला थांबतो. सध्याचा अर्धा किलो तर मॅलाकाइट ग्रीन प्यालेला आहे. तो कुंडीतही घालू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

आरओवाल्याचा फुकट कार्बन मुळीच नको. घरगुती प्युरिफायरच्या कित्येक कँडलमधल्या कार्बनला चांदीचा लेप असतो, त्यावर जंतू वाढू नयेत म्हणून. मोजक्या चांदीने माणसाला काही होत नाही, पण मासे आणि फिल्टरमधले जिवाणू दोघांनाही चांदी घातक. कँडलवर तसं लिहिलेलं नसलं तरी आतलं काय ते तुम्हाला कळणार नाही. शेगडीचा लाकडी कोळसाही टाळा. त्याला ॲक्टिव्हेशन नाही, रंग धरण्याची ताकद नगण्य आणि राख भरपूर. दाबून केलेल्या ब्रिकेटमध्ये तर चिकटवायला काय घातलं असेल देव जाणे.

विकत घेताना करवंटीचा की दगडी कोळशाचा, हे विचारा. करवंटीचा कार्बन कठीण, कमी धूळ करणारा, पण त्याची छिद्रं फार बारीक. क्लोरीनला उत्तम, टॅनिनच्या मोठ्या रेणूंना अपुरी. रंग काढायचा असेल तर बिटुमिनस कोळशाचा, थोड्या रुंद छिद्रांचा दाणेदार कार्बन सरस ठरतो. एक ते तीन मिलिमीटरचा दाणा घ्या. चकाकणाऱ्या जाड कांड्या दिसायला छान असतात, कामाला मंद. फॉस्फेटचं किट असेल तर चमचाभर कार्बन कपभर आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी तपासा. आकडा वर गेला तर परत करा, तो शेवाळाला खत घालणारा माल आहे. झाडं लावून द्रवरूप खत देत असाल तर कार्बन त्यातलं लोह थोडंफार काढून घेतो, तेव्हा खताच्या आठवड्यात त्याला बाहेर ठेवणं बरं.

आता शेवटचं आणि कदाचित तुम्हाला न आवडणारं. तुमच्या टँकला कायमचा कार्बन लागतच नाही. एंजल, रमीनोज, कोरी हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे. चहाच्या रंगाचं पाणी त्यांच्या घरचंच. रंग खटकतो तो सोफ्यावरून बघणाऱ्याला. खटकत असेल तर उपाय ट्रेमध्ये नाही, लाकडात करा. ते बाहेर काढा, मोठं पातेलं पुरलं तर दोन-तीन वेळा तासभर उकळा, प्रत्येक वेळी पाणी फेका. मावत नसेल तर ड्रममध्ये बुडवून रोज पाणी बदलत दोन-तीन आठवडे ठेवा. तरीही काही महिने हलका रंग सुटेल, तेवढ्यापुरता आठवड्याचा २५ टक्के पाणीबदल पुरतो.

इकच्या उपचाराच्या काळात हे काम सहज उरकेल, लाकूड नाहीतरी औषध थोडं पितंच. ते बाहेर असेपर्यंत तळाला कौलाचा एक धुतलेला तुकडा तिरका टेकवून ठेवा, दोन्ही कोरींना दिवसा लपायला जागा हवी.